मारेतच्या अंगरख्यातल्या सहा मुली

लुओक्ताच्या वाचनालयात दर गुरुवारी सकाळी दहाला फोटोंची पेटी उघडायची. अकरा गुरुवार सुन्ना न चुकता हजर होती. बाराव्या गुरुवारी पेटीतला शेवटचा लिफाफा रिकामा झाला, तेव्हा तिने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ग्रंथपाल बेरितला विचारलं, "संपलं?"

"संपलं, सुन्नाताई. सोमवारी गाडी येईल. पेट्या परत दक्षिणेला."

"आणि नावांची वही?"

"तीही जाईल. तिच्यात जे लिहिलं असेल ते कायम राहील."

एप्रिल २००४ चा पहिला आठवडा होता. बाहेर सरोवरावर बर्फ होता, पण काठाकाठाने तो काळवंडायला लागला होता.

फोटो त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वीचे. त्या काळी विद्यापीठाच्या शहरातून डॉक्टर मंडळी स्वीडनच्या उत्तरेकडच्या डोंगरात यायची. सोबत कॅमेरा, डोकं मोजायचे लोखंडी चिमटे आणि बुबुळांचा रंग ताडून बघायला काचेचे डोळे भरलेली एक पेटी. माणसांचा कुठला वंश विकासाच्या शिडीवर कितव्या पायरीशी अडकला आहे, हे शोधणं त्यांचं काम. लुओक्तासारख्या गावांतले, रेनडिअर पाळणारे सामी लोक खालच्या पायरीवर आहेत हे ते निघण्यापूर्वीच ठरलं होतं, मोजमाप पुराव्यापुरतं. शेकडो माणसांचे फोटो त्यांनी काढले आणि नेले. फोटोमागे क्रमांक होते, नावं मात्र थोड्यांचीच. आता त्या विद्यापीठाने कबूल केलं होतं की ज्याचा तो चेहरा त्याला नाव मिळालं पाहिजे. म्हणून या पेट्या गावोगाव फिरत होत्या.

सुन्ना चौसष्ट वर्षांची होती. तिची आई रिस्तेन १९४५ साली क्षयाने गेली, तेव्हा सुन्ना पाच वर्षांची. रोगाच्या धास्तीने आईच्या वस्तू रुग्णालयातल्या लोकांनी जाळून टाकल्या. त्यात लग्नातला एकुलता एक फोटोही गेला. आईचे हात सुन्नाला आठवत होते, धुराचा वास असलेली शाल आठवत होती. चेहरा आठवत नव्हता. तो बघायचा, एवढ्यासाठी ती बारा गुरुवार या लाकडी खुर्चीवर बसली होती.

लुओक्ताची म्हातारी मंडळी फोटोत आधी चेहरा बघत नाहीत. रेनडिअर कुणाचा ते कानाला घेतलेल्या काप-खुणेवरून कळतं, माणूस कुणाचा ते अंगरख्याच्या छातीपट्टीवरून. प्रत्येक घराण्याची नक्षी वेगळी. गुरुवारी टेबलावरून फोटो फिरायला लागले की कॉफीत चीजचे तुकडे बुडवत म्हातारेकोतारे न्यायाधीशासारखे बोलायचे, "पट्टीवर रेघा आहेत, म्हणजे डोंगरापलीकडचे. पुढे द्या." चेहऱ्यापर्यंत कुणी पोचायचंच नाही. सुन्नाही तीच रीत शिकलेली. तिच्या आईच्या माहेरची नक्षी म्हणजे तांबड्या-पिवळ्या मण्यांचे त्रिकोण. ती बारा गुरुवार त्रिकोण शोधत होती. त्रिकोणाची छातीपट्टी घातलेले तिचे दोन मामा सापडले, आजोबा सापडले. आई नाही.

पाचव्या गुरुवारी मात्र आठ पाकळ्यांच्या फुलाची पट्टी घातलेल्या मुली निघाल्या होत्या, एकापाठोपाठ एक अशा सहा. कथलाच्या तारेचं ते फूल म्हणजे नीलाच्या घराण्याची नक्षी. नीलाचा नातू आन्ते तेव्हा टेबलाच्या टोकाला बसला होता. सत्तरीचा गडी, गुडघे गेले पण जीभ शाबूत. त्याची आत्या मारेत लग्नाआधीच वारली होती आणि तिचाही फोटो घरात नव्हता. त्याने सहाही फोटो हातात घेऊन पत्त्यांसारखे पसरले.

"बघा, अख्खी पलटण आमची!" तो म्हणाला. "आजीने सुया झिजवल्या त्या काही उगीच नाही."

"यातली मारेत कुठली?" बेरितने विचारलं.

"पाचवी. सगळ्यात देखणी ती. म्हणजे आमचीच."

टेबलाभोवती हशा झाला. वहीत पाचव्या फोटोपुढे 'मारेत, नीलाची मुलगी' असं शाईने लिहिलं गेलं, आन्तेने सही केली, आणि उरलेल्या पाच जणी 'त्याच घराण्यातल्या, नाव अज्ञात' म्हणून नोंदल्या. आन्तेने पाचव्या फोटोची मोठी प्रत करून घेऊन भिंतीवर लावली. सुन्ना तिकडे रेनडिअरचं वाळवलेलं मांस द्यायला गेली होती, तेव्हा फोटोखाली उभी राहून तिने त्याचं अभिनंदनही केलं होतं.

शेवटच्या गुरुवारी ती घरी परतली तेव्हा एल्लेमावशी खिडकीशी बसून बुटाला बांधायची फीत विणत होती. मावशी सत्त्याऐंशीची. डोळ्यांसमोर मधोमध काळा डाग आला होता. कडेकडेचा उजेड तेवढा दिसायचा. विणकामाला तिला डोळे लागत नव्हते. रिस्तेन गेल्यावर सुन्नाला हिनेच वाढवलं होतं.

"नाही ना मिळाली?" मावशीने मान वर न करता विचारलं.

"तुला बरं कळलं!"

"दार हळू लावलंस. मिळाली असती तर आपटलं असतंस."

सुन्नाने कॉफीचं भांडं चुलीवर चढवलं. मावशी या गुरुवारांना कधीच आली नव्हती. 'त्या पेटीत मेलेली माणसं नाहीत, मोजलेली आहेत,' म्हणाली होती, आणि विषय संपवला होता.

"त्रिकोणाची मुलगी एकही नाही, मावशे. मुलगे आहेत, पुरुष आहेत. मुलींना मोजलंच नाही की काय तुमच्या शाळेत? नीलाच्या घरच्या मात्र सहा आहेत."

विणणारी बोटं थांबली.

"सहा? नीलाला मुलगी एकच होती."

"चुलत असतील."

"चुलत सगळे मुलगे. कथलाचं फूल होतं पट्टीवर? आठ पाकळ्यांचं? एक पाकळी जराशी वाकडी?"

सुन्नाने आठवून बघितलं. "वाकडी होती. सगळ्यांचीच."

एल्लेमावशी हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग डोळ्यांना पदर लावावा तसा शालीचा काठ लावून. सुन्ना चुलीवरचं भांडं विसरून बघत राहिली. हसणं ओसरल्यावर मावशीचा चेहरा वेगळाच झाला.

"अगं, अंगरखा एकच होता," ती म्हणाली. "मुली सहा होत्या."

मग तिने सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

१९३१ चा मार्च होता. शाळा डोंगराच्या पायथ्याशी, मातीच्या झोपड्यांत. मास्तरांना लाकडी घर होतं, पलंग होता, लोखंडी शेगडी होती. मुलांनी झोपडीतच राहायचं, जमिनीवर बर्चच्या डहाळ्या अंथरून झोपायचं, कारण वरून हुकूम होता. ही जमात घरात राहिली, खुर्चीवर बसली, काट्या-चमच्याने जेवली तर मऊ होईल आणि जगाच्या शर्यतीत मरून जाईल, असं मोठ्या शहाण्या लोकांनी पुस्तकात लिहिलं होतं. मास्तरांनी भिंतीवर एक तक्ता लावला होता. त्यात एक शिडी होती. वरच्या पायरीवर उंच, पिवळ्या केसांचा माणूस. खाली-खाली जावं तशी माणसं बुटकी आणि काळी होत जायची. सामी माणूस खालून तिसरा.

"तुम्हाला राग नाही आला?"

"मला तेव्हा वाटलं, तिसरा म्हणजे बरा नंबर आहे!" मावशी म्हणाली. "बाबा एकदा मांस घेऊन आले होते. त्यांनी तक्ता बघितला आणि मास्तरांना म्हणाले, 'मी ओढायला रेनडिअर निवडतो ना, तेव्हा आधी त्याला गाडी ओढायला लावतो. डोकं मोजून निवडला असता तर उन्हाळ्याच्या कुरणावर अजून पोचलो नसतो.' मास्तर हसले. चांगले होते बिचारे. पण तक्ता काही काढला नाही त्यांनी."

आणि तरी त्या झोपडीची तिला आठवण यायची, हे सांगताना मावशीचा आवाज मऊ झाला. मध्ये विस्तव, त्यावर मांसाचं मोठं भांडं. नळीतून मगज ओढायची पाळी ठरलेली असायची. रात्री वर धुराच्या भोकातून एक तारा दिसायचा, आणि तो आपला आहे म्हणून भांडणं व्हायची. संध्याकाळी बर्फाच्या उतारावर पायांना लाकडी पट्ट्या बांधून घसरायचं. रिस्तेन सगळ्यात पुढे, टोपी उडालेली. नव्या डहाळ्या अंथरल्या की त्या रात्री झोप लागायची नाही, इतका वास गोड. ते सगळं कमी म्हणून दिलेलं होतं, पण पोरांना ते कुठे माहीत!

"डॉक्टर आले त्या दिवशी आम्हा सहाजणींना ओळीत उभं केलं. आमचे कपडे धुराने काळे, शिवाय फाटलेले. त्यांच्यातला फोटोवाला म्हणाला, असं नको, ठेवणीतला पोशाख हवा. मारेतच्या आईने सणासाठी नवा अंगरखा पाठवला होता. तो त्याने बघितला. म्हणाला, हाच सगळ्यांना घाला."

"सगळ्यांना? दुसऱ्याच्या घराण्याचा?"

"त्याला काय! त्याच्या दृष्टीने सगळे एकसारखेच. नाकाची लांबी केसाएवढी मोजत होता, आणि आमच्या अंगावर नाव लिहिलेलं होतं ते त्याला दिसत नव्हतं." मावशीने फीत मांडीवर ठेवली. "मारेत पहिली. मग अन्ना आणि बिरेत, त्या दोघी बहिणी. चौथी मी. माझ्यामागे रिस्तेन, कारण ती माझा हात सोडत नव्हती. शेवटी छोटी सिग्गा."

सुन्ना खाली बसली.

"पाचवी," ती म्हणाली.

"हो, पाचवी."

"मावशे, तू हे कधीच का नाही सांगितलंस?"

चुलीवरची कॉफी उतू जायला लागली, तेव्हा सुन्नाने उठून भांडं उतरवलं.

"पोशाखातला फोटो झाल्यावर कमरेपर्यंत सगळं काढायला लावलं," मावशी म्हणाली. "चार पुरुष होते खोलीत. मी चौदा वर्षांची. ते तुला सांगायचं नव्हतं. मग त्याच्या आधीचंही सांगता आलं नाही. एकच दिवस होता ना तो."

सुन्नाने कॉफी ओतली, मावशीच्या हातात पेला दिला, आणि पेल्याभोवती मावशीची बोटं नीट बसेपर्यंत स्वतःचा हात काढला नाही.

शुक्रवारी वाचनालय दहाला उघडतं; सुन्ना पावणेदहाला दाराशी होती. बेरितने पाचव्या गुरुवारचा लिफाफा काढून दिला. सुन्नाने सहाही फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि आयुष्यात पहिल्यांदा छातीपट्टीवर हात आडवा धरून, ती झाकून, नुसते चेहरे बघितले.

चौथ्यावर नजर गेली आणि ती "अगं बाई!" म्हणाली. ती मावशी होती. शंभर टक्के मावशी. डावी भुवई उजवीपेक्षा वर, ओठ असे मिटलेले की दुकानदाराने कमी मापलं आहे आणि आता त्याला ऐकवायचं आहे. साठ वर्षं हा चेहरा तिने रोज सकाळी बघितला होता, आणि पाचव्या गुरुवारी हाच फोटो तिने आपल्या हाताने शेजारच्याकडे सरकवला होता.

मग तिने पाचवा बघितला.

त्याला बराच वेळ गेला. बेरित कपाटाकडे तोंड करून पुस्तकं लावत राहिली, जी आधीच लावलेली होती.

"बेरित, फोटोंबरोबर कार्डं होती ना? मागे काही लिहिलेली?"

"आहेत." बेरित घुटमळली. "सुन्नाताई, पहिल्या गुरुवारी काय झालं आठवतं ना? हेन्रिककाकांनी त्यांच्या आईचं कार्ड मोठ्याने वाचलं आणि कोट घालून निघून गेले. तेव्हापासून मी ती खणात उलटी ठेवते. चांगलं लिहिलेलं नसतं."

"माहीत आहे. दे."

कार्डावर क्रमांक होता, उंची होती, डोक्याची लांबी-रुंदी, डोळ्यांच्या रंगाचा आकडा. खाली: 'लॅप, मिश्र. बुद्धी मंद.' लॅप हा सामींना हिणवायचा शब्द सुन्नाने शाळेत पुरेसा ऐकला होता, त्याने ती हलली नाही. त्याखाली बारीक, सुबक अक्षरात शेरा होता. 'वारंवार ताकीद देऊनही हसते. बालिशपणा, विकासाच्या प्राथमिक अवस्थेतील वंशांत आढळतो तसा.'

सुन्नाने ते तीनदा वाचलं.

"लिहिणाऱ्याला काय लाज…" बेरितने सुरुवात केली.

"थांब," सुन्ना म्हणाली. "ती हसत होती. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आजारी होती, चांगली होती, सोशिक होती, एवढंच सांगायचे सगळे." तिने पहिल्या क्रमांकाचं कार्ड मागून घेतलं, तेही वाचलं, आणि तोंडाशी हात नेला. "या दोन्हींच्या प्रती काढून देतेस? आन्तेकडे जायचं आहे."

"त्यांची सही लागेल. त्यांनी नाव मागे घेतलं तरच मला वहीत बदल करता येईल. आज चार वाजेपर्यंत, ताई. शनिवार-रविवार बंद."

आन्ते अंगणात बर्फगाडीचं इंजिन उघडून बसला होता. सुन्नाला बघून त्याने फडक्याला हात पुसले.

"ये ये. मांस संपलं आहे, कॉफी आहे. तोंड असं का, कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. आत चल."

भिंतीवर पाचवी मुलगी होती, काळ्या चौकटीत. खाली फळीवर मेणबत्ती, शेजारी हेदरच्या वाळलेल्या रानफुलांची जुडी. सुन्नाने उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं: एक अंगरखा, सहा मुली, ओळ. आन्ते ऐकताना खुर्चीत टेकला आणि त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"तुझी मावशी सत्त्याऐंशीची आहे," तो शेवटी म्हणाला. "माझी सासू त्या वयात मला पाद्री समजायची."

"मावशीला वाकडी पाकळी आठवते, आन्ते. तुझ्या आजीने घातलेली."

"पाकळी वाकडी होती हे खरं. पण नाक बघ. हे नाक आमचं आहे."

"अरे, लुओक्तात नाक सगळ्यांचं एकच आहे! चिमटे घेऊन आले होते त्यांनाही ते निराळं काढता आलं नाही."

आन्ते हसला नाही. "सात आठवडे मी हिला रोज उठल्यावर हाक मारतो," तो म्हणाला. "बायको गेल्यापासून या घरात कुणाला हाक मारायची सोय नव्हती. आता तू येऊन सांगतेस, ही तुझी आई."

सुन्नाला वाटलं, उठावं आणि जावं. वहीत एक नाव चुकलं तर कुणाचं काय अडणार होतं? तिला तर आता माहीत झालं होतं. मग तिला दिसलं, दक्षिणेतल्या विद्यापीठाच्या दालनात दिवा लावून कुणीतरी हा खण उघडेल, आणि रिस्तेन तिथे दुसऱ्याच्या कपड्यांत, दुसऱ्याच्या नावाने उभी असेल. एकदा तसं झालं होतं तेवढं पुरे होतं.

"तुझे बाबा मारेतबद्दल काय सांगायचे?" तिने विचारलं.

"बाबा? म्हणायचे, हेकट. एकदा नाही म्हटलं की पाद्री आणा, पोलीस आणा, नाहीच. हसताना तिला कुणी बघितली नाही."

सुन्नाने दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले. पाचवीचा त्याने वाचला. हसण्याच्या ओळीशी त्याचं बोट थांबलं. मग पहिलीचा. तिथे त्याच सुबक अक्षरात होतं: 'स्वतःचा पोशाख इतरांना देण्यास ठाम नकार. शिक्षकाने बळाने काढून घेतला. नंतर एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. कमालीची हट्टी, या वंशाचा स्वभावदोष.'

आन्तेने ते एकदा मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं. 'एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही' हे त्याने दोनदा वाचलं.

"हीच!" तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "ही आमची! अगं, ही म्हणजे बाबाच, परकर घातलेले!" त्याने फडक्यानेच डोळे पुसले, आणि गालावर काळ्या तेलाचा पट्टा उमटला. "दिसते कशी? मी तर तिच्याकडे धड बघितलंही नाही."

"रागावलेली. खाऊ का गिळू अशी."

"असणारच. नवा अंगरखा होता."

त्याने चौकट भिंतीवरून उतरवली, काचेवर फुंकर मारली, आणि तरी लगेच दिली नाही. "हिची एक प्रत मी ठेवली तर चालेल? शेजारी मारेतची लावीन. दोघी एका शाळेतल्या तर होत्या."

"ठेव. पण हाक मारताना रिस्तेन म्हणायचं."

"रिस्तेन," आन्तेने म्हणून बघितलं. "सवय करावी लागेल."

साडेतीनला दोघं वाचनालयात पोचली. आन्तेने जुन्या नावावर रेघ मारून शेजारी सही केली. बेरितने सहाही नावं सावकाश, नीट अक्षरात लिहिली. पाचव्यापुढे: 'रिस्तेन, येरिकची मुलगी, एल्लेची धाकटी बहीण, सुन्नाची आई.' तिने विचारलं की कार्डांवरचे शेरे मिटवावेत असं पत्र विद्यापीठाला लिहायचं का.

"नको," सुन्ना म्हणाली. "त्यांचं त्यांनी लिहिलेलं राहू दे. वाचणाऱ्याला कळेल कोण मंद होतं ते."

घरी येताना तिने चौकट छातीशी धरली होती. मावशी खिडकीशीच होती. सुन्नाने चौकट तिच्या मांडीवर ठेवली, तशी मावशीने ती उचलून उजेडाकडे वळवली, मग डोळ्यांच्या कडेने बघायला मान तिरकी केली, या बाजूने आणि त्या बाजूने.

"पांढरं दिसतं, काळं दिसतं," ती म्हणाली. "चेहरा त्या डागातच जातो."

चौकटीच्या कडेवरून तिचं बोट हळूहळू फिरत राहिलं. मग ते थांबलं.

"मीही विसरले आहे गं तिला," ती म्हणाली. "तू लहान असताना मी तुला किती सांगायची, अशी होती, तशी होती. दरवेळी थोडं माझ्या मनाचं मिसळायची. आता मूळ कुठलं आणि मिसळलेलं कुठलं, मलाच कळत नाही. तू सांग. कशी आहे?"

सुन्नाने खुर्ची जवळ ओढली. बारा वर्षांची मुलगी होती ती. सुन्नाची नात असावी अशा वयाची.

"कपाळ रुंद आहे," ती म्हणाली. "भांग वाकडा पडला आहे. घाईत पाडलेला."

"मीच पाडला तो. पुढे."

"अंगरखा खांद्यावर मोठा होतोय. मान बारीक आहे. डोळे फोटोवाल्याकडे नाहीत, बाजूला कुणाकडे तरी आहेत."

"माझ्याकडे," मावशी म्हणाली. "मी दाराशी उभी होते, काकडत, नुसत्या सदऱ्यावर. आणि तोंड?"

"तोंड मिटलेलं आहे," सुन्ना म्हणाली, आणि चष्मा वर करून काचेच्या अगदी जवळ गेली. "पण खालचा ओठ दातांत धरलाय. फुटणार आहे हसू. आता, एवढ्यात."